आंबील ओढा, २५ सप्टेंबर २०१९: एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या आंबील ओढ्याला पूर आला त्यानंतर माझी ॲक्टिव्हा चौथ्या दिवशी सापडली. आमच्या सोसायटीपासून तीन मोऱ्या (रस्त्याखालून ओढा जातो ते छोटे पूल) खाली, एका स्विफ्टच्या बॉनेटखाली दबलेली, आणि सीटवर कोणाचा तरी गॅस सिलेंडर, तोही भरलेला. टो करणारा पोरगा म्हणाला काका सिलेंडर तुमचाच का, मी म्हटलं नाही रे, तर म्हणे मग राहू द्या, ज्याचा असेल तो येईल. कोणी आलंच नाही बहुतेक. आठवड्याने पण तिथेच होता.

हे सांगायचं कारण म्हणजे मी पंचवीस वर्षं नकाशे काढण्याचं काम केलंय, लेआउट, प्लॉट, बिल्डिंग परवानगीचे सेट वगैरे, आधी ट्रेसिंग पेपरवर आणि मग ऑटोकॅडवर. त्यामुळे त्या रात्री जे झालं त्याच्याकडे मला फक्त पूरग्रस्त म्हणून बघता येत नाही. थोडा आरोपी म्हणूनपण बघावं लागतं. ते पुढे येईलच.

तर आधी ती रात्र. बुधवार होता, पितृपंधरवडा संपत आलेला. संध्याकाळपासून पाऊस होता पण सप्टेंबरचा पाऊस पुण्यात असतोच की, भजी तळून झाली, टीव्ही चालू होता. नऊ-साडेनऊला लाईट गेली. मग खालून हॉर्न वाजायला लागला, एक, मग दोन, मग पार्किंगमधल्या पाच-सहा गाड्या एकदम, कोणी बसलेलं नसताना. गॅलरीतून टॉर्च मारला तर पाणी गाड्यांच्या काचेपर्यंत आणि पाण्याच्या आत हेडलाईट लागलेले, पिवळे, हलणारे. गाडीच्या वायरिंगमध्ये पाणी गेलं की असं होतं म्हणे. ते दृश्य अजून डोक्यातून जात नाही. बायको म्हणाली ओढा आलाय. आला म्हणजे काय, ओढा तर तिथेच होता, भिंतीपलीकडे वीस फुटांवर, बारा वर्षं. आम्ही त्याला नाला म्हणायचो आणि वास आला की खिडकी लावायचो एवढाच त्याच्याशी आमचा संबंध.

आमच्याकडे जीव कोणाचा गेला नाही. खाली अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली आणि पाच-सहा माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून त्या रात्रीने वीसहून जास्त माणसं नेली. गोठ्यातली बांधलेली जनावरं गेली ती वेगळीच, त्यांना तर दावं तोडूनसुद्धा पळता आलं नाही. आणि हे सगळं मुठा नदीच्या पुराने नाही बरं का, धरणातून पाणी सोडलं म्हणून नाही, सायरन नाही, सूचना नाही. एका ओढ्याने, ज्याचं नाव सुद्धा पुण्यातल्या निम्म्या लोकांना सप्टेंबर २०१९ च्या आधी सांगता आलं नसतं.

ओढा कुठला, कुठून कुठे, ते नीट सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कात्रजच्या डोंगरात उगम, भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी या बाजूचं पाणी उतरतं, ते कात्रजच्या तलावात येतं, तलाव भरला की सांडव्यावरून खाली, मग कात्रज, बालाजीनगर-धनकवडीची बाजू, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, मित्रमंडळ कॉलनी, दांडेकर पूल आणि दत्तवाडीच्या बाजूला मुठेत. सगळं मिळून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. म्हणजे डोंगरावर पडलेला थेंब दोनेक तासात नदीत. मोठ्या नदीला पूर यायला वेळ लागतो, बातमी पाण्याच्या आधी पोचते. ओढ्याचं तसं नसतं, पाणी आधी येतं आणि बातमी मागून. आणि आता गंमत बघा, दांडेकर पूल. पुण्यात रोज लाखभर लोक "दांडेकर पुलाला सोडा" म्हणतात रिक्षावाल्याला. पूल आहे म्हणजे खाली काहीतरी वाहत असणार ना? पण तो आता फक्त स्टॉपचं नाव झालाय.

पेशव्यांचं इथे आणायलाच पाहिजे का, तर हो, कारण पुण्यात काहीही बोला पेशवे येतातच आणि या प्रकरणात खरंच यायला पाहिजेत. हा ओढा मुळात आताच्या पेठांच्या भागातून वाहत जाऊन नदीला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास तो पर्वतीच्या पायथ्याशी अडवून पश्चिमेकडे वळवला, तिथे मोठं तळं झालं, तळ्यात बेट ठेवलं आणि पुढे त्या बेटावर गणपती आला. तो तळ्यातला गणपती म्हणजेच सारसबागेतला. आज मुलांना घेऊन गेलं की मुलं विचारतात तळ्यातला गणपती तर तळं कुठंय. तळं आटवून बाग झाली आणि भेळेच्या गाड्या लागल्या. त्याच काळात वर कात्रजला बांध घालून तलाव केला आणि तिथून दगडी नळ जमिनीखालून शहरात आणला, मधे मधे हवेसाठी उच्छ्वास, आणि त्या पाण्यावर शनिवारवाड्यातली कारंजी आणि पेठांमधले हौद चालायचे. माझं म्हणणं पेशवे फार थोर आणि आपण फार वाईट असं नाही, त्यांनीपण ओढा वळवलाच की. पण वळवताना त्याला जागा दिली. वर तलाव, खाली तळं, म्हणजे दोन ठिकाणी पाण्याला बसायला जागा. आपण त्यातलं खालचं तळं बागेला दिलं, वरचा तलाव गाळाने भरू दिला आणि मधल्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी दाबत आणलं.

दाबलं कसं, इथे माझा कबुलीजबाब.

नकाशात ओढा कसा काढतात माहितीये? दोन निळ्या समांतर रेघा. बस. प्लॉटच्या कडेने नाला जातो, साईटवर माणूस जाऊन टेप लावतो, उन्हाळ्यात. मे महिन्यात ओढ्याचं पात्र म्हणजे मधली ओली पट्टी, सहा-आठ मीटर. बाकीचं दोन्हीकडचं गवत, बाभळी, थोडी पडीक जागा, तिथे म्हशी बसतात. मग ओली पट्टी म्हणजे नाला आणि गवत म्हणजे प्लॉट. त्या गवताला सप्टेंबरमध्ये बघितलं तर ते पण ओढाच असतं हे टेप लावणाऱ्याला माहिती नसतं असं नाही, पण त्याला मे मध्ये पाठवलेलं असतं. मग नियमाप्रमाणे काठापासून अमुक मीटर मोकळे सोडायचे, आता काठ म्हणजे कोणता काठ, तर रिटेनिंग वॉल, म्हणजे माती धरून ठेवणारी भिंत, बांधली की वॉल हाच काठ. म्हणजे आधी भराव टाकून वॉल पुढे घ्यायची आणि मग त्या वॉलपासून मीटर मोजायचे. मी असे नकाशे काढलेत. कुठल्या बिल्डरसाठी ते सांगत नाही आणि कायद्याने त्यात चूक सापडेल असंही नाही, सगळ्या सह्या-शिक्के आहेत. ओढ्याला एक वळण होतं तेसुद्धा मी एकदा सरळ केलंय, कॅडमध्ये, दोन क्लिक. वळण सरळ केलं की प्लॉटचा आकार चौकोनी होतो, पार्किंग नीट बसतं. साहेब म्हणाले छान दिसतंय.

वळण सरळ केलं की काय होतं हे मला २०१९ नंतर एका सिव्हिलवाल्या मित्राने समजावलं. वळणावर पाणी रेंगाळतं, जोर मोडतो, गाळ टाकतं. सरळ केलं की तेच पाणी जोरात खाली जातं. खाली म्हणजे कोणाच्या तरी दारात. भिंत पण तशीच. मी माझ्या बाजूला भिंत बांधली की पाणी समोरच्या काठावर चढतं, समोरच्याने बांधली की दोघांच्या खालचा बुडतो. सगळ्यात खाली राहतो ज्याला भिंत परवडत नाही तो, किंवा ज्याच्या घराची भिंत हीच पूरभिंत असते तो.

आता थोडं गणित, घाबरू नका सोपं आहे. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं १० कोटी लिटर. आपल्या सोसायट्यांमध्ये येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर १० हजार टँकर. एका चौरस किलोमीटरला. आणि ओढ्याचा पाणलोट काही एक चौरस किलोमीटर नाही. आता हेच पाणी शेतावर, माळावर, डोंगराच्या झाडीत पडलं तर बराचसा भाग जिरतो आणि उरलेला दमाने येतो. स्लॅबवर, पेव्हर ब्लॉकवर, डांबरावर पडलं तर जवळजवळ सगळं येतं आणि ताबडतोब येतं. त्यात २०१९ चा पावसाळा आधीच जबरदस्त झालेला, ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं ते सगळ्यांना आठवत असेल, पुण्यातपण जमीन पार पिऊन तुडुंब. कात्रजचा तलाव भरलेला. म्हणजे रात्रीच्या पावसाला वर थांबायला जागाच नव्हती, आला तसा सांडव्यावरून खाली. त्या रात्री व्हॉट्सॲपवर "कात्रज तलाव फुटला" असं फिरत होतं आणि लोक अंधारात जिने चढून पळत होते. तलाव फुटला नव्हता. भरलेला तलाव आणि नसलेला तलाव यात पुराच्या दृष्टीने फार फरक नसतो एवढंच.

दुसऱ्या दिवशीपासून एक शब्द सगळ्यांच्या तोंडी, ढगफुटी. नगरसेवकाच्या तोंडी, टीव्हीवर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. ढगफुटी म्हणायला हवामान खात्याच्या हिशोबाने एका तासात १०० मिलिमीटर पडायला लागतो. त्या रात्री पाऊस प्रचंड होता यात वाद नाही, दक्षिण पुण्यात तर जास्तच. पण ढगफुटी हा शब्द कसा सोयीचा आहे बघा, ढग फुटला, आता ढगाला कोण नोटीस देणार.

पूर आला तेव्हा नेमकं काय काय झालं ते मी नंतर पायी फिरून बघितलं, दोन रविवार, वरून खाली. सवय आहे साईट बघायची. पहिली गोष्ट म्हणजे मोऱ्या. ओढ्यावर दर थोड्या अंतरावर रस्ता आडवा जातो आणि तिथे मोरी, कल्व्हर्ट म्हणा. काही जुन्या, नुसते पाईप टाकलेले, काही नव्या बॉक्सवाल्या. प्रत्येक मोरी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या टेंडरमध्ये, त्या वेळच्या रस्त्याच्या रुंदीप्रमाणे केलेली. वरची मोठी आणि खालची लहान असंही आहे. म्हणजे बाटलीला मधेच गळा. दुसरं म्हणजे मोरीच्या तोंडाशी काय अडकलं होतं ते. मी एका मोरीशी उभा राहून मोजलं होतं: दोन गाद्या, एक कोसळलेलं बाभळीचं झाड मुळासकट, पत्र्याचे तुकडे, थर्माकोलचं मखर (गणपती होऊन दोन-तीन आठवडे झाले होते, पात्रात टाकलं असणार), एक रिक्षा, आणि त्या सगळ्याला सिमेंटसारखं धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. एवढं झालं की मोरी राहत नाही, बंधारा होतो. पाणी मागे फुगतं, रस्त्यावरून चढतं नाहीतर बाजूच्या भिंतीला रेटतं. भिंत बांधलेली असते माती आणि चोर अडवायला, पाण्याचा रेटा धरायला नाही. आणि भिंत पडली की पाणी हळूहळू येत नाही, बंधारा फुटल्यासारखं एकदम येतं. म्हणून मध्यरात्री घराघरांत एका मिनिटात छातीभर पाणी झालं असं लोक सांगत होते ते खोटं नव्हतं.

तिसरी गोष्ट ड्रेनेजचे चेंबर. मैलापाण्याची लाईन टाकायला उतार लागतो, उतार ओढ्यात आयता मिळतो, जागा संपादन करायला लागत नाही, त्यामुळे लाईन ओढ्यातूनच आणि तिचे काँक्रीटचे चेंबर पात्रात मधोमध उभे, पुरुषभर उंच. पावसाळ्यात प्रत्येक चेंबरला कचरा अडकतो. आणि चौथी गोष्ट राडारोडा. जुना बंगला पाडला की तो कुठे जातो? रात्री अकरानंतर टेम्पो कुठे रिकामे होतात? मी नाही सांगत, पुण्यात कुठल्याही ओढ्याच्या पुलावर रात्री उभं राहून बघा.

इथे वस्त्यांबद्दल बोलायलाच पाहिजे कारण पूर ओसरला की पहिलं बोट तिकडेच जातं. "ओढ्यात झोपड्या टाकल्या म्हणून." हे अर्धं खरंय. ओढ्याच्या काठाला घरं आहेत, दाट आहेत, धोक्याची आहेत. पण ती आली कशी? सहकारनगर, पर्वती, दत्तवाडी या पट्ट्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने बेघर झालेली माणसं आणून वसवली, कुठे सोसायट्या, कुठे निसन हट म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या बराकी, कुठे नुसतीच जागा. पूरग्रस्त वसाहत हे नाव अजून कागदावर आहे. म्हणजे नदीकाठून उठवलेली माणसं त्या वेळच्या गावाबाहेर, ओढ्याच्या आसपास आली. नंतर शहर वाढलं, १९९१ ला साडेपंधरा लाख होतं ते २०११ ला एकतीस लाखांवर, कामाला माणसं लागली पण माणसांना घरं कोणी बांधली नाहीत, ती ओढ्याकाठीच बसली कारण बाकी सगळ्या जागेला मालक होता. आणि मधल्या काळात ज्यांना घर घ्यायची ऐपत होती त्या आमच्यासारख्यांच्या सोसायट्या त्याच काठावर आल्या, आमच्याकडे फक्त कम्प्लिशन सर्टिफिकेट आहे एवढाच फरक. ओढ्याला सर्टिफिकेट वाचता येत नाही, पद्मावतीला बंगले-फ्लॅटवाल्या सोसायट्यापण बुडाल्याच, मर्सिडीजपण वाहून गेली, मी बघितलीये.

पुढे २४ जून २०२१ ला, भर पावसाळ्यात आणि कोविड चालू असताना, दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीत घरं पाडायची कारवाई झाली. कारण दिलं ओढ्याचं पात्र सरळ आणि रुंद करायचं. लोक रस्त्यावर आले, बायका जेसीबीसमोर बसल्या, रडारड, पोलीस, आणि कोर्टाची स्थगिती आली तेव्हा थांबलं. विरोध करणारे म्हणत होते की ही पूर रोखायची नाही, शेजारच्या झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पाला जागा करून द्यायची धावपळ आहे. त्यात कोण किती खरं ते मी सांगू शकत नाही. पण माझ्या नकाशेवाल्या डोळ्याला एक गोष्ट खटकली. पुन्हा सरळ. ओढा बुडवतोय म्हणून त्याला सरळ करायचा, म्हणजे मी कॅडमध्ये दोन क्लिकमध्ये केलं होतं तेच, आता जेसीबीने.

मग उपाय काय झाले. झाले नाहीत असं म्हणणं अन्याय होईल. सल्लागार नेमून अभ्यास झाला, काही मोऱ्या पाडून मोठ्या केल्या, काही ठिकाणी गाळ काढला, बऱ्याच ठिकाणी सीमाभिंती बांधायचं चाललंय, टेंडर, पुन्हा टेंडर. केंद्राच्या शहरी पूर-धोका कमी करायच्या योजनेत पुण्याला २५० कोटी मंजूर झालेत. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये नालेसफाई होते, पोकलेन पात्रात उतरतो, गाळ काढून काठावरच ढीग लावतो, फोटो निघतात, आणि जूनच्या पहिल्या पावसात तो ढीग परत पात्रात. याला मी सफाई म्हणत नाही, गाळाची बदली म्हणतो.

माझ्या मते (आणि हे मत फुकट आहे, घ्या नाहीतर सोडा) यात क्रम चुकतोय. मोऱ्या मोठ्या करायच्या तर खालून वर करत यायला पाहिजे. आधी नदीजवळची, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. कारण वरची आधी मोठी केली तर पाणी तिथून सुटतं आणि खालच्या अरुंद मोरीवर दुप्पट जोराने आदळतं, वरचा भाग वाचतो आणि खालचा आधीपेक्षा जास्त बुडतो. पण निधी येतो वॉर्डाप्रमाणे, ज्याचं वजन जास्त त्याची मोरी आधी. ओढ्याला वॉर्ड नसतात. भिंतींचंही तेच, दोन्हीकडून उंच भिंती घालून ओढ्याची काँक्रीटची पन्हळ केली की त्या पट्ट्यात पाणी येणार नाही हे खरं, पण भिंत संपते तिथे काय? आणि भिंतीच्या आतलं सोसायटीचं पाणी, जे ओढ्यात जायला पाहिजे, ते भिंतीमुळे आतच साठणार, त्यासाठी मग झडपा, पंप. झडप कोण बघणार, वॉचमन?

खरा उपाय वर आहे, कात्रजला. तलावातला गाळ काढून त्याची मूळ खोली परत आणणं, आणि पावसाळ्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तलाव काठोकाठ भरलेला न ठेवता थोडा रिकामा ठेवणं, म्हणजे एखाद्या रात्री डोंगरावर पाऊस कोसळला तर पहिले दोन तास तलाव पाणी धरेल. दोन तास फार असतात हो, लोकांना वरच्या मजल्यावर न्यायला आणि लाईट बंद करायला. आता तलाव अर्धा रिकामा ठेवायचा म्हटलं की बोंब होते, कमळं दिसत नाहीत, पर्यटन, बोटिंग, गणपती विसर्जन. तलावाला आपण शोपीस केलाय.

आणि तलावाच्याही वर. भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं २०२१ पर्यंत महापालिकेच्या हद्दीत नव्हती. २०१७ ला ११ गावं आली, मग जून २०२१ च्या शेवटी २३ आली आणि पुण्याची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली, मुंबईपेक्षा मोठी. पेपरात केवढं कौतुक. म्हणजे २०१९ मध्ये पूर भोगणारं शहर महापालिकेचं आणि पाणी गोळा करणारा डोंगर दुसऱ्याच कार्यालयाचा. तिथे टेकड्या फोडून प्लॉटिंग चालू, एक गुंठा दोन गुंठे, डोंगराचा उतार कापला की ओहोळाचं तोंड बुजतं. त्याच डोंगराच्या पलीकडे शिंदेवाडीला जून २०१३ मध्ये हेच झालं होतं, डोंगर फोडलेला, ओहोळ बुजवलेले, पाण्याचा लोंढा हायवेवर आला आणि गाडीतली आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. सहा वर्षं आधी. तेव्हाच अलीकडच्या उताराकडे बघायला पाहिजे होतं.

आता ती गावं हद्दीत आहेत आणि तिथले ओहोळ अजून पुरते मेलेले नाहीत. मी मागच्या पावसाळ्यात गेलो होतो. एका ठिकाणी ओहोळ दगडातून खळखळ वाहत होता, स्वच्छ, खेकडे होते. बाजूला बोर्ड, "कलेक्टर एनए प्लॉट, हप्त्यावर". तिथे एक पोरगा टेप घेऊन उभा होता, दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं तर मला म्हणाला काका धरता का जरा. धरलं. ओहोळापासून मोजत होता. मी विचारलं पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं विचारलंस का कोणाला, तर म्हणाला आत्ता पावसाळाच आहे की काका. हुशार होता. पण त्या दिवशी पाऊस नव्हता आणि ओहोळ पात्रातल्या पात्रात होता. मी त्याला वर काठावर बाभळीच्या फांदीत अडकलेला पिशव्यांचा झुपका दाखवला, माझ्या डोक्याच्या वर होता. म्हटलं हा तुझा काठ. त्याने फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला, वरचा.

पुण्याबाहेरच्या कोणाला हे उपयोगाचं वाटलं तर एवढंच करा, तुमच्या ओढ्याच्या काठच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा पाणी कुठपर्यंत आलेलं बघितलंय आणि त्या जागी रंगाने रेघ मारून ठेवा. आमच्याकडे नदीला पूररेषा आहेत, पंचवीस वर्षातून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षातून एकदा येणाऱ्याची लाल, त्यावरूनही वर्षानुवर्षं भांडणं आहेत. पण आंबील ओढ्याची पूररेषा २०१९ च्या आधी मला तरी कुठल्या बिल्डिंग नकाशावर काढायला कोणी सांगितली नव्हती. आता आमच्या पार्किंगच्या खांबावर आहे, चिखलाची, साडेपाच फुटांवर. रंग दिला तेव्हा मी एका खांबाची ठेवायला सांगितली.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीची जनरल बॉडी होती. विषय क्रमांक चार, ओढ्याकडची कंपाउंड वॉल. २०१९ ला पडली तेव्हा पाच फुटी होती, नंतर आरसीसीची आठ फुटी केली, आता दोन फूट अजून वाढवायची असा प्रस्ताव. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलेलं, फ्लॅटमागे अठरा हजार. मी उभा राहिलो आणि हे सगळं सांगायचा प्रयत्न केला, वळण, मोरी, समोरचा काठ. समोरच्या काठावर काय आहे हे सगळ्यांना माहिती आहे, आमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या तिघी तिथेच राहतात. सेक्रेटरी म्हणाले मुद्दा बरोबर आहे तुमचा पण मग आपण काय करायचं, भिंत नाही वाढवायची? तळमजल्यावरच्या आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. त्या रात्री त्यांना आम्ही चौघांनी खुर्चीसकट जिन्यावरून वर नेलं होतं, त्यांच्या नवऱ्याचा ऑक्सिजनचा सिलेंडर पाण्यावर तरंगत होता.

मतदान झालं. एक्केचाळीस विरुद्ध शून्य. एक्केचाळीसमध्ये मी आहे. भिंतीचा ड्रॉईंग सेटपण मीच करून दिला, सोसायटीला फी कशाला लावायची.